धाकूदादांचा मान

धाकू ढेबे यांचं नाव आधी लिहितो. संपादकसाहेबांना जागेसाठी काही कापावं लागलं तर खालचं कापावं, हे नाव ठेवावं, एवढी विनंती आहे. धाकूदादा पोलादपूर तालुक्यात कापड्याच्या वरच्या माळावर राहतात. जातीनं धनगर. म्हशी आहेत, थोडी नाचणी-वरी आहे. त्यांच्या घरच्या सगुणावहिनींचं नावही इथंच लिहून ठेवतो, कारण आजारात मला तगवणारी आंबील त्यांच्या हातची होती. या दोघांनी ठेवून घेतलं म्हणून मी आज हे लिहायला शिल्लक आहे.

मी जतकडचा. सहावीतून शाळा सुटली. महाबळेश्वरच्या घाटात रस्त्याचं काम निघालं, खडी फोडायला आमच्याकडून टोळी निघाली, तिच्याबरोबर मीही निघालो. कोकण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. एवढा पाऊस, एवढं हिरवं पाहून पहिल्यांदा भीतीच वाटली. हिवतापानं धरलं. टोळीचं काम संपलं, टोळी पुढे गेली. मुकादम म्हणाला, "बरा झालास की ये." कुठं ये ते काही सांगितलं नाही.

धाकूदादा दूध घेऊन खाली यायचे. रस्त्याकडेच्या खोपटात मी पडलेला त्यांना दिसलो. पहिल्या दिवशी पाणी पाजून गेले. दुसऱ्या दिवशी दुधाची भांडी रिकामी केली आणि मला पाठीवर मारून माळावर घेऊन गेले. वाटेत म्हणाले, "घाट्या, मरायचा असंल तर तुज्या मुलखात जाऊन मर. हितं माज्या म्हशी भितील."

ते मला अजून घाट्याच म्हणतात. मला राग येत नाही.

बरा झाल्यावर मी त्यांच्या म्हशींमागे फिरलो. वाटा कळल्या. कुठल्या खिंडीतून कुठं उतरतं, कुठल्या झऱ्याला उन्हाळ्यात पाणी असतं, कुठल्या देवळामागे कसला धोंडा उभा आहे, हे सगळं त्यांच्याबरोबर चालता चालता कळलं. पुढे म्हशींपेक्षा माणसं बरी म्हणून महाडला आलो आणि वाटाड्या झालो. (म्हशी बऱ्या होत्या, हे नंतर कळलं.)

या धंद्याबद्दल लोकांना फार माहिती नसते, म्हणून थोडं सांगतो. महाडला एस.टी. थांबली की आम्ही दोघेचौघे उभे असतो. गाडीतून उतरणारा माणूस कोर्टकचेरीला आलाय, सोयरिकीला आलाय की गड बघायला, हे त्याच्या मानेवरून कळतं. गडवाला उतरल्या उतरल्या डोंगराकडे बघतो. मग त्याला विचारायचं, "रायगड, की पाल्याची लेणी?" एक नाव आपण घेतलं की दुसरं तो घेतो. मग पाचाडपर्यंत गाडी जाणार का, नाही तर कोंझरपासून चालायचं का, पाण्याचं काय, भाकरी कोण देणार, म्हातारं माणूस असेल तर डोली मिळेल का, हे सगळं आमच्याकडे. वरती गेल्यावर दाखवायचं. दाखवणं सोपं, न दाखवणं अवघड. लोकांना आकडे लागतात, नावं लागतात. अमका वाडा कोणाचा, तमकी खोली कोणाची. आपल्याला माहीत नसेल तर तोंड पडतं. म्हणून पुष्कळ वाटाडे सांगून टाकतात. एका मुंबईच्या पाहुण्यांना आमच्यातल्या एकानं एकाच चौथऱ्यावर जाताना धान्यकोठार दाखवलं आणि येताना मुदपाकखाना. पाहुणे खूश. दोन्हींचे फोटो काढले.

नाना तऱ्हेची माणसं भेटली. एक गृहस्थ रेडिओ घेऊन गडावर आले होते. क्रिकेट चालू होतं. महाराजांच्या समाधीशी येईपर्यंत त्यांचा कान त्या पेटीलाच. तिथं मात्र त्यांनी तो बंद केला आणि चपला काढून इतका वेळ उन्हात उभे राहिले की मलाच म्हणावं लागलं, साहेब, पाय भाजतील. तेव्हापासून मी माणसाला एस.टी. स्टँडवर तोलणं सोडलं.

महाडात चवदार तळ्यावर लोक येतात. तिथं वाटाड्या लागत नाही, सगळे विचारत विचारत बरोबर पोचतात. तरी एकदा वऱ्हाडातले एक आजोबा मला बरोबर घेऊन गेले. एकट्यानं जायला नको वाटतं म्हणाले. पायऱ्या उतरले, काठाशी बसले. मी म्हटलं, आजोबा, पाणी घ्या की. ते म्हणाले, "घेतो. घाई नाही. आता कोणाची घाई नाही." मग ओंजळीत पाणी घेतलं, प्यायले, आणि ओला हात धोतराला न पुसता तसाच धरून स्टँडपर्यंत आले. काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मला त्या दिवशी वाटलं की जागा दाखवणं हे आपलं काम नव्हेच, माणसाच्या शेजारी गप्प उभं राहणं हे काम आहे.

पण मला लिहायचं आहे ते इंदूरच्या दत्ताजीरावांबद्दल.

काही पाहुणे गड बघायला येत नाहीत, स्वतःचं कोणी शोधायला येतात. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर. कुठल्या तरी पिढीत यांचा मूळ पुरुष इथून घोड्यावर बसून उत्तरेला गेला, तिकडेच राहिला. घरात सांगत आलेलं असतं की आपण अमक्या नदीकाठचे. दत्ताजीराव त्यातले. उंच, पांढऱ्या मिशा, शाळाखात्यातून निवृत्त. बरोबर मुलगी सुमनताई, तिकडे मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. त्यांच्या घरात असं सांगत की दोघे भाऊ होते. धाकटा उत्तरेला गेला, त्याचे हे वंशज. थोरला इथंच लढाईत पडला. त्याचा दगड नदी वळते तिथं वरच्या माळावर आहे. दगडावर घोडेस्वार आहे आणि वर चंद्रसूर्य आहेत.

आता अडचण सांगतो. लढाईत पडलेल्या माणसाचा जो दगड उभा करतात त्याला वीरगळ म्हणतात. तुडीलपासून वर पोलादपूरच्या डोंगरापर्यंत ते जागोजागी आहेत. बहुतेकांवर लढाई कोरलेली असते, आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतातच. ती खूण म्हणजे गर्दीत पागोटेवाला शोधण्यासारखी. आणि नदी तर आमच्याकडे पावलोपावली वळते.

दत्ताजीराव दर हिवाळ्यात यायचे. मी त्यांना देवळामागचे, बांधावरचे, विहिरीवर कपडे धुवायला टाकलेलेसुद्धा दगड दाखवले. ते प्रत्येकापाशी बसत, हात फिरवत, मग मान हलवत. "नाही रे भैया. हा बोलत नाही." सुमनताई मला बाजूला म्हणायच्या, "भाऊ, तुम्हीच एकदा 'हाच' म्हणा ना. त्यांना तेवढंच हवंय." माझ्या तोंडाशी यायचं. पण धाकूदादांनी पहिल्यापासून एक घालून दिलं होतं. म्हशींमागे असताना एकदा मी एका धोंड्याला उगाच कोणा सरदाराचं नाव दिलं होतं, तर म्हणाले, "बापानं सांगितलेला नाव घ्यावा. नाय सांगितला तर धोंड्याला धोंडाच म्हनावा. मेलेल्याला दुसऱ्याच्या नावानं हाक मारशील तर तो वळंल कसा?"

शेवटच्या हिवाळ्यात दत्ताजीराव आले ते वाळून गेले होते. छातीचं दुखणं. डॉक्टर प्रवास नको म्हणाले होते. मला म्हणाले, "आता एक माळ राहिलाय ना तुझा? तुझ्या धनगराचा?" खरंच राहिला होता. तिथली चढण त्यांना झेपणार नाही म्हणून मीच टाळत होतो. डोलीतून नेलं.

धाकूदादांच्या गोठ्याच्या वर, माळाच्या कडेला एक वीरगळ उभा आहे. वाडीचा राखणदार. भात झोडून झालं की एका ठरल्या दिवशी वरची वाडी आणि खालचं गाव तिथं जमतं. राखणदाराला नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात, म्हणजे आपलं सुखदुःख त्याच्या कानी घालून गुरंढोरं-पोरंबाळं सांभाळ म्हणून मागतात. पहिला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचा मान ढेब्यांच्या घराचा. धाकूदादांच्या बापाचा, आज्याचा. शेती खालच्यांची, देवळं खालच्यांची, बैठकीत पुढे बसायचे खालचे. वर्षातून त्या एका दिवशी मात्र खालचं सगळं गाव या धनगरामागे हात जोडून उभं राहायचं. सगुणावहिनी त्या दिवशी नवं लुगडं नेसायच्या.

आम्ही पोचलो तो नेमका तोच दिवस होता. मला माहीत नव्हतं.

दत्ताजीराव डोलीतून उतरले, दगडापाशी गेले, बसले. खाली नदीनं वळण घेतलेलं दिसत होतं. दगडावर स्वार होता, पण झिजलेला, शेंदरानं भरलेला. ते बराच वेळ हात ठेवून होते. मग धाकूदादांना विचारलं, "हा कोण?"

"राखणदार."

"नाव?"

"नाव नाय ठावा, बाबा."

"लढाईत पडलेला ना? त्याचा भाऊ होता का कोणी? दूर गेलेला?"

धाकूदादा म्हणाले, "आसंल. नसंल. आमाला कोनी नाय सांगितला."

सुमनताईंनी तोंड फिरवलं. दत्ताजीराव हसले आणि म्हणाले, "खरं बोललात. इतक्या वर्षांत खरं बोलणारा भेटला." पण त्यांचा हात दगडावरून निघेना. म्हातारा माणूस असा बसला होता की जणू गाडी चुकली आहे आणि दुसरी नाही.

लोक जमले होते. खालच्या गावचे म्होरके आबाही आले होते. धाकूदादांनी नारळ धुतला, पुढे आले आणि थांबले. मग ते खाली वाकले आणि तो नारळ त्यांनी दत्ताजीरावांच्या हातात दिला.

"ठेवा तुमी. मी बोलतो."

आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. ते मला शब्दशः आठवतं.

"बा राखणदारा! तू जानता, आमी नेनते. तुजा नाव आमाला ठावा नाय, म्हनून हाक चुकली तर माफ कर. हा म्हातारा लांबून आला हाय. ह्याचा कोनी असशील तर ह्याला वळख दे. नसशील तर पाव्हना म्हनून ह्याच्या हातचा गोड करून घे. ह्याला रिकामा पाठवू नको."

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले. सवयीनं म्हणाले. तोंडं आधी बोलली, डोकी मागून आली.

दत्ताजीरावांनी नारळ ठेवला आणि दगडाला कपाळ लावून रडले. मी इतकी माणसं इतक्या जागी नेली, असं रडताना कोणाला पाहिलं नाही. आवाज नव्हता. सगुणावहिनी पुढे झाल्या, त्यांच्यापुढे दुधाचा पेला धरला. "घ्या बाबा. थंड हाय."

इथंच थांबलं असतं तर मी हे आनंदानं लिहिलं असतं.

उतरताना कापड्याच्या रस्त्यावर चहाला थांबलो. दत्ताजीराव इतके खुलले होते की दिसेल त्याच्याशी बोलत होते. दुकानातल्या माणसांना म्हणाले, "तुमचा राखणदार आमचा थोरला आजा बरं का! आमची जागा आम्हाला सापडली." त्यांच्या मनात जागा म्हणजे टेकायची जागा. ऐकणाऱ्यांच्या कानात जागा म्हणजे जमीन. ते दिवस कुळकायद्याचे. कोण मालक, कोण कूळ, कोणाचं नाव लागणार, कोणाचं जाणार, यावरून घरोघर झोप उडालेली. मान ज्याचा त्याची माती, असं आमच्याकडे धरतात. परक्यानं राखणदाराला पहिला नारळ ठेवला, वर सगळ्या गावानं व्हय म्हाराजा म्हटलं, आणि आता तो जागा आमची म्हणतोय. उद्या वकील घेऊन आला तर?

आठवड्यात गावकी बसली. मी गेलो होतो. जमेल तसं सांगितलं की माणूस सरळ आहे, आजारी आहे, त्याला जमीन नको. आबा वाईट माणूस नव्हे. चार भावांचं कुटुंब त्या माळाच्या पायथ्याशी कसतं, भीती खरी होती. ते म्हणाले, "तू बस खाली. तू आमच्या गावचा नायस." ते बरोबरच होतं. मी बसलो.

मग धाकूदादांना विचारलं. "मान तुझा होता का गावाचा?"

"गावानं दिलेला, माज्या घराचा."

"मग तू तो परक्याच्या हातात कसा दिलास?"

"नारळ दिला. मान नाय दिला."

"आज तो नारळ म्हनतो, उद्या माळ म्हनंल. तू सांग, चुकलास. पुन्हा न्हाय करनार म्हन. सपला इषय."

मी मनात म्हणत होतो, म्हणा की हो दादा, एक शब्द म्हणा. ते शेवटी म्हणाले, "मरनारा मानूस दारात आला. त्याला नारळ दिला त्यात चुकलो कसा म्हनू?"

त्या दिवशी मान ढेब्यांच्या घरातून गेला. आता पहिला नारळ आबांच्या घरचा. गाऱ्हाणं त्यांचा पुतण्या घालतो. मुंबईला गिरणीत असतो, त्या दिवसापुरता येतो. त्याला सगळं येत नाही, मधेच अडतो. अडला की सगळे धाकूदादांकडे बघतात, आणि धाकूदादा जमिनीकडे बघतात. ते मागे उभे असतात, बायकांच्या जवळ. सगुणावहिनी येत नाहीत.

पुढल्या हिवाळ्यात स्टँडवर सुमनताई एकट्या उतरल्या. मी पिशवी हातात घेतली. त्याच म्हणाल्या, "भाऊ, बाबा उन्हाळ्यात गेले. पण शेवटपर्यंत ज्याला त्याला सांगत होते, मी नारळ ठेवून आलो म्हणून. शांत गेले. मला त्या माळावर न्या. धाकूदादांना भेटायचंय."

मी आधी एकटा माळावर जाऊन आलो. दादांना सांगितलं, म्हातारे गेले, मुलगी येतेय. ते दूध काढत होते. हात थांबला नाही. म्हणाले, "तिला मानाचा काय सांगू नको."

"दादा, तिला कळायला हवं. तुम्ही तिच्या बापापायी..."

"घाट्या, त्या पोरीचा बाप शांत गेला ना? मंग आता तिच्या मागं कशाला लावतोस?"

दुसऱ्या दिवशी सुमनताईंना घेऊन गेलो. आडवा, म्हणजे सणवार नसलेला दिवस, माळावर कोणी नाही. त्यांनी दगडाला फुलं वाहिली. बाबांची रक्षा चिमूटभर आणली होती, ती पायथ्याशी ठेवली. मग धाकूदादांकडे वळून हात जोडून म्हणाल्या, "दादा, त्या दिवशी बोललात तसं एकदा बोला ना. बाबांसाठी."

गाऱ्हाणं घालायचा हक्क आता त्यांचा नव्हता. आसपास कोणी ऐकणारं नव्हतं हे खरं, पण राखणदार ऐकतोच, असं ते मानतात.

धाकूदादा म्हणाले, "बाय गो, गाऱ्हानं त्या एकाच दिवशी घालतात. आडव्या दिवशी राखणदार डोंगरात फिरायला जातो. हितं नसतो तो."

सुमनताईंनी विश्वास ठेवला. हसल्या देखील. "मग बाबाही त्याच्याबरोबर फिरत असतील," म्हणाल्या.

"आसतील की. दोगं पन आसतील."

त्यांना एस.टी.त बसवून दिलं आणि मी स्टँडवर बसून राहिलो. त्यानंतर गिऱ्हाईक आलं, तरी उठवेना. इतक्या वर्षांत धाकूदादांनी दगडाबद्दल एक अक्षर जास्तीचं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. अख्ख्या गावकीपुढं एक शब्द खोटा म्हटला असता तर मान राहिला असता. तो म्हटला नाही. आणि या परक्या मुलीला वाईट वाटू नये म्हणून म्हटला.

आता ते थकले आहेत. दूध घालायला मुलगा येतो. मी वर गेलो की आम्ही गोठ्यापाशी बसतो, गप्पा मारतो. मानाचा विषय ते काढत नाहीत. मीही काढत नाही. मी आबांना दोनदा भेटलो. ते म्हणतात, आता झालं ते झालं, पुन्हा बसवलं तर सगळंच उकरून निघेल. मला सहावीपलीकडचं बोलता येत नाही. माझ्या बोलण्यानं गावकी फिरेल असं वाटत नाही. ही काळजी मला रोज आहे की मी काही करायच्या आधीच दादा जातील.

म्हणून जे माझ्या हातात आहे तेच लिहून ठेवतो. जतकडे आमच्या गावात चैत्रात देवाची पालखी निघते. तिला पहिला खांदा आमच्या घराचा. मी गाव सोडल्यापासून तिथं माझा धाकटा भाऊ उभा राहतो. मी इतक्या वर्षांत तोंड दाखवलेलं नाही. टोळीबरोबर गेलेला पोरगा मेला असंच पुष्कळजण धरून असतील. मी जाणार आहे, आणि धाकूदादांना बरोबर नेणार आहे. एस.टी. लागली तर एस.टी.नं, नाही झेपलं तर थांबत थांबत. माझ्या जागी त्यांना उभं करीन. आमचं गाव विचारील, हा परका कोण आणलास, मान कोणाचा आणि देतोस कोणाला? विचारू दे. बैठकीला बसवलं तरी मी चुकलो म्हणणार नाही. दादा, पाय चालतात तोवर या चैत्राला नाही तर पुढच्या, पण न्यायला येईन.